मुक्कामी माणसं

थिसिसच्या अहवालात सगळ्यांत शेवटी लिहिलं जातं आणि बांधताना सगळ्यांत पुढे लागतं ते ऋणनिर्देशाचं पान. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या बॅचेसचे अहवाल ओळीने उभे आहेत. त्यांतली फक्त तेवढी पानं मी चाळली. क्रम ठरलेला. आधी वाहेगुरू किंवा देव, मग गाइड, मग आईवडील, मग ‘ज्यांच्याशिवाय हे शक्यच नव्हतं’ अशी दोस्तमंडळी. एका मुलाने मात्र प्लॉटरवाल्याचे आभार मानलेत. तो मला आवडला. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं चंदीगड झोपलेलं असताना ए-वनच्या शीट्स न कुरकुरता छापून देणाऱ्या माणसाची जागा देवाच्या खालोखाल असायलाच हवी.

माझं ते पान बरेच दिवस कोरंच होतं. ज्यूरी, म्हणजे परीक्षकांसमोरचं सादरीकरण, मेच्या अखेरीस. शीट्स झाल्यात, मॉडेल बरंचसं उभं राहिलंय, अहवालाची प्रकरणं गाइड मॅमच्या टेबलावर पोचलीत. अडलं ते या एका पानापाशी. आभार मानायचे तर कुणाकडून नेमकं काय घेतलं त्याचा हिशेब आधी मांडायला हवा, आणि पाच वर्षांचा हिशेब असा एका पानात बसत नाही.

मी बार्शीची. बारावीनंतर प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना यादीत पुणं, मुंबई, नागपूर होतंच. चंदीगड भरलं ते कॉलेजची इमारत हे शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने काढलेली आहे एवढ्याच कारणाने. घरी हा गृहस्थ कुणाला माहीत नव्हता. आजीला काळजी एकच, तिकडे ज्वारी मिळते का? (मिळते, पण भाकरी थापता येईल अशी नाही.)

चंदीगड कॉलेज ऑफ आर्किटेक्चर १९६१ साली सुरू झालं. सेक्टर १२ मध्ये. लाल विटांच्या उघड्या भिंती, काँक्रीट, आणि स्टुडिओत उत्तरेकडून येणारा उजेड. हा उजेड ड्रॉइंग बोर्डावर दिवसभर जवळजवळ सारखा राहतो, हाताची सावली कामाच्या आड येत नाही. पहिल्या वर्षी आम्हांला वाटायचं, सगळ्याच कॉलेजांत असं असतं. याच सेक्टरमध्ये लाहोरहून निघून रुडकीमार्गे इथे येऊन स्थिरावलेलं पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आणि पीजीआय आहे, म्हणजे अख्ख्या उत्तर भारतातली अवघड दुखणी जिथे येतात ते इस्पितळ. माझ्या पाच वर्षांतला फार मोठा भाग या एका सेक्टरात गेला.

पहिल्या वर्षी इतिहास शिकवणारे सर वर्गात कमी आणि रस्त्यावर जास्त शिकवायचे. हिवाळ्यात, धुकं उतरायच्या आत, ते आम्हांला कुठल्यातरी सेक्टरच्या कडेला उभं करत आणि एक प्रश्न टाकून गप्प बसत. त्यांचा पहिला प्रश्न अजून लक्षात आहे. “कॉर्बुझिए साल में दो बार आते थे, एक-एक महीना. बाकी दस महीने शहर कौन बना रहा था?”

बाकीचे दहा महिने शहर बांधत होता त्याचा चुलतभाऊ, पिएर जानरे. १९५१ च्या फेब्रुवारीत हे दोघे इथे पोचले तेव्हा शेतं, आंब्याच्या राया आणि शिवालिकच्या डोंगररांगा एवढंच होतं. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य तीन वर्षांच्या करारावर आलेलं, १९५४ मध्ये परत गेलं. जानरे राहिला. १९६५ मध्ये तब्येतीने पार नाही म्हणेपर्यंत राहिला. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानसभा यांच्यावर कॉर्बुझिएचं नाव लागलं आणि २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेलं. शिपायांची आणि कारकुनांची घरं, शाळा, पंजाब विद्यापीठातलं पाण्यात बसलेलं गांधी भवन, कचेऱ्यांतल्या खुर्च्या, अगदी सुखना तलावातली पायडलची होडी हे जानरेचं.

सरांना मात्र त्याच्या इमारतींहून त्याचं ऑफिस जास्त मोलाचं वाटायचं. एम. एन. शर्मा, जीत मल्होत्रा, आदित्य प्रकाश, युली चौधरी ही तेव्हाची तरुण मंडळी त्या ऑफिसात तयार झाली. १९६५ नंतर मुख्य वास्तुविशारदाची जागा शर्मांकडे आली; त्या जागेवरचे ते पहिले भारतीय. कॉर्बुझिए १९६५ मध्येच गेला. जानरे १९६७ मध्ये जिनिव्हात वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये त्याची रक्षा सुखना तलावात सोडली गेली. पर्यटक तलावावर भुट्टा खात फिरतात तेव्हा त्यांतल्या फार थोड्यांना हे माहीत असतं. माहीत नसलं म्हणून काही बिघडतही नाही म्हणा. भुट्टा चांगला असतो.

त्या वेळचं ऑफिस सेक्टर १९ मध्ये अजून आहे, बैठं, विटांचं. आता त्याला ल कॉर्बुझिए सेंटर म्हणतात. शहर बांधणाऱ्या पहिल्या भारतीय चमूची नावं वाचताना मला ए. आर. प्रभावळकर आणि जे. एस. देठे ही दोन नावं दिसली आणि मी थबकले. प्रभावळकर नगररचनेच्या कामात होते. चंदीगडवरच्या पुस्तकांत ही नावं बहुधा एकाच ओळीत, स्वल्पविरामांच्या मधोमध येतात आणि पुढचं वाक्य परत कॉर्बुझिएवर जातं. मी बाबांना फोन लावून सांगितलं. ते म्हणाले, “बघ, तू काय पहिली नाहीस. आपली माणसं आधीच तिथं राहून आलीत.” बाबांना आर्किटेक्चरमधलं काही कळत नाही, पण त्या फोननंतर हे शहर मला परकं राहिलं नाही.

आता मॅमविषयी. त्या माझ्या थिसिस गाइड, आणि याच कॉलेजच्या जुन्या विद्यार्थिनी. त्या पहिल्या वर्षाला आल्या तेव्हा आदित्य प्रकाश प्राचार्य होते; १९६८ ते १९८२ एवढा काळ त्यांनी हे कॉलेज चालवलं. प्रकाश यांनी जानरेच्या ऑफिसात काम केलं, चंदीगडचं टागोर थिएटर बांधलं, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचं आवार आखलं, चित्रं काढली, नाटकांत कामं केली. आखीव शहरात रेहडीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवाल्यांना, नीट जागा का नसावी यावर त्यांनी पुष्कळ विचार केला. २००८ मध्ये नाटकात काम करायला मुंबईला निघालेले असताना गाडीतच त्यांचा शेवट झाला. मॅम त्यांच्याविषयी फार बोलत नाहीत. पण साइटवर त्या सगळ्यांत आधी चहाची टपरी कुठे आहे ते बघतात, आणि टपरी प्लॅनमध्ये दाखवली नसेल तर शीट बाजूला सारतात. ही खोड कुठून आली हे मला विचारावं लागलं नाही.

मॅमची शिकवण्याची रीत वेगळीच. माझ्या शीटवर त्या बटर पेपर पसरतात आणि मऊ पेन्सिलने झरझर काढू लागतात. जिना इकडून घेतला तर काय होईल, इथे भिंत ओढली तर उजेड कुठे जाईल. बोलणं कमी, रेघा फार. डोळ्यांदेखत माझीच इमारत तीन-चार वेगळ्या रूपांत उभी राहते. आणि चर्चा संपली की त्या तो कागद चुरगाळून टोपलीत टाकतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी टोपलीकडे इतकी बघत राहिले की त्या हसल्या. “ये मेरी लाइन है बेटा. इसे ट्रेस करोगी तो जूरी में मैं खड़ी रहूँगी, तुम नहीं.” त्यामुळे माझ्या एकाही शीटवर त्यांच्या हाताची रेघ नाही. ऋणनिर्देश लिहिताना हीच पंचाईत. ज्या बाईचं सगळ्यांत जास्त घेतलं तिचं दाखवायला काही शिल्लकच नाही.

थिसिसला मी विषय घेतला पीजीआयमधल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सराय. रोज कॉलेजला जाता-येता जे दिसत होतं त्यातून तो आला. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू, उत्तर प्रदेश, उत्तराखंड असे कुठकुठले लोक इथे येतात. एक माणूस वॉर्डात आणि त्याच्यामागे दोन-तीन बाहेर. आवारात सराया आहेत, शहरात गुरुद्वारे आणि धर्मशाळा आहेत, मागच्या नयागावात भाड्याच्या खोल्या मिळतात. तरी थंडीच्या रात्री व्हरांड्यात, झाडांखाली, फुटपाथवर पथाऱ्या दिसतातच. उपचार आठवड्यांचे, कधी महिन्यांचे. एवढ्या दिवसांची खोली प्रत्येकाला परवडेलच असं नाही.

विषय ऐकल्यावर मॅमनी केस स्टडी, आकडेवारी, बायलॉज यांतलं काहीच मागितलं नाही. “रात को देखा है?” एवढंच विचारलं. नंतर एका रात्री त्या स्वतः आल्या, मी आणि माझा एक वर्गमित्र होतो. जानेवारी होता. मॅमच्या हातात चहाचा थर्मास आणि खिशात मोजपट्टी.

लंगरच्या रांगेपासून आम्ही सुरुवात केली. पीजीआयबाहेर लंगर म्हटलं की इथले लोक जगदीशलाल आहुजांचं नाव काढतात. फाळणीत पेशावरहून आलेलं पोर, केळी विकून उभं राहिलं, पैसा केला, आणि तो या इस्पितळाच्या दारातल्या लोकांना जेवू घालण्यात घातला. त्यापायी मालमत्ताही विकल्या. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये ते गेले. त्यांचं पाहून असेल किंवा या मातीचीच सवय असेल, पण दारात कुठलं ना कुठलं लंगर उभं असतं. मॅम म्हणाल्या, तुझ्या सरायमध्ये स्वयंपाकघर किती मोठं धरायचं ते इथे उभं राहून ठरव. बाहेर जेवण मिळत असताना माणूस आत कशासाठी चूल पेटवेल? मी तिथेच चार बायकांना विचारलं. उत्तर एकच आलं. पेशंटसाठी पातळ खिचडी, पेज, दूध गरम करायला. म्हणजे मोठं स्वयंपाकघर नकोच. मजल्यागणिक दोन छोटे ओटे हवेत, आणि ते वॉर्डात डबा घेऊन जायच्या वाटेवर हवेत.

पुढे एका व्हरांड्यात चंब्याकडची एक बाई बसली होती. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं. उशाला प्लास्टिकच्या पिशवीत पेशंटची फाइल. आणि एमआरआयच्या फिल्मचं मोठं पाकीट गोधडीखाली सपाट घातलेलं, मुडपू नये म्हणून. ती झोपायची त्याच्यावरच. मॅमनी तिला विचारून पाकीट काढलं, मोजलं आणि मोजपट्टी माझ्या हातात दिली. मोठी फिल्म १४ बाय १७ इंचांची असते, पाकीट त्याहून थोडं मोठं. काही न बोलता त्या पुढे चालू लागल्या. आज माझ्या सरायमध्ये प्रत्येक झोपायच्या जागेच्या डोक्याशी भिंतीत ४५ सेंटिमीटर खोल कोनाडा आहे. पाकीट आडवं सरकवायचं, वर फाइल, त्यावर चष्मा, कंगवा, देवाचा फोटो. कॉर्बुझिएने हात वर केलेल्या माणसाच्या मापावरून, २२६ सेंटिमीटर धरून, खोल्यांच्या उंच्या ठरवल्या. माझ्या इमारतीचं माप एमआरआयच्या फिल्मवरून निघालं. ज्यूरीत हे मी सांगणार आहे.

त्या रात्री परतताना मॅमनी विचारलं, “तुम्हारे यहाँ ऐसे लोग कहाँ ठहरते हैं?” मी त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलविषयी सांगितलं. धाराशिव, लातूर, बीडकडचे लोक येतात, शाळेला जाताना त्यांच्या पिशव्या आणि डबे मी लहानपणापासून पाहिलेत. आणि मग गाडगेबाबांविषयी सांगितलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे वारकऱ्यांसाठी, गोरगरिबांसाठी त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, जी त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली; आणि दादरला त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा, जिथे टाटा हॉस्पिटलचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. एवढं सगळं उभं करून स्वतः मात्र हातात खराटा आणि डोक्यावर खापर घेऊन फिरत राहिले. मॅम गाडी चालवता चालवता थांबल्याच. एवढी मोठी तरतूद करणाऱ्या माणसाचं नाव आपल्या अभ्यासक्रमात कुठेच कसं नाही, म्हणाल्या. मग ताबडतोब कामावर आल्या. “सुट्टी में घर जा रही हो ना? नाप के लाओ.”

होळीच्या सुट्टीत मी पंढरपूरला गेले. बार्शीहून कुर्डुवाडीमार्गे, एकेकाळी या वाटेवर बार्शी लाइटची छोटी गाडी होती, आजोबा तिच्या गोष्टी सांगायचे. पंढरपुरातले जुने मठ आणि धर्मशाळा मी वारीत आजीबरोबर आत राहून पाहिलेल्या, पण हातात टेप घेऊन कधी नाही. मध्ये चौक, भोवती ओवऱ्या, कोपऱ्यात चुलीची जागा, वर माडी. ओवरीची खोली साधारण माणूस आडवा झाल्यावर पायापाशी बोचकं राहील एवढी. चौकात उभं राहिलं की कोण आलं, कोण उठलं, कोण रडतंय हे सगळ्यांना दिसतं. वारीत हे ठीक. पण इस्पितळातून एखाद्याची वाईट खबर आली तर त्या माणसाला या चौकात आडोसा कुठे? हा प्रश्न मला पंढरपुरात पडला आणि चंदीगडला परतेपर्यंत सुटला नव्हता. मॅमनी तो सोडवून दिला नाही. बटर पेपरवर दोन रेघा ओढल्या, कागद टोपलीत गेला, आणि त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला काही विचारलंच नाही. प्रगती अहवाल नाही, तारीख नाही.

त्या काळात मी एकदा त्यांना सरळ म्हटलं की तुम्ही काही विचारत नाही याची भीती वाटते. तेव्हा त्यांनी एम. एन. शर्मा आणि नेकचंद यांची गोष्ट सांगितली. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रोड इन्स्पेक्टर. नवं शहर उभारताना पाडलेल्या गावांतला राडारोडा, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे सायकलवरून नेऊन ते राखीव जंगलात गुपचूप आपली मूर्तिनगरी रचत होते. नियमाने ते अतिक्रमणच. शर्मांना त्यांनी ते दाखवलं, तेव्हा शर्मांनी बोभाटा केला नाही. काम चालू राहू दिलं. १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. “कभी-कभी टीचर का काम इतना ही होता है,” मॅम म्हणाल्या आणि चहा मागवला. मला ते पुरेसं झालं. आडोसा शेवटी सापडला, जिन्याच्या वळणावर, झाडाकडे तोंड केलेली बिनखिडकीची एक छोटी ओवरी. तिला प्लॅनमध्ये मी नाव दिलेलं नाही.

स्ट्रक्चरच्या सरांविषयी थोडक्यात. ते कुणालाही एकच प्रश्न विचारतात, “लोड किधर जाएगा?” पाच वर्षं मी हा प्रश्न ऐकला आणि आता तो मला पुलाखाली, मांडवाखाली, लग्नाच्या स्टेजखालीही ऐकू येतो. त्यांचं नाव ऋणनिर्देशात पहिलं आहे.

आणि आमचे मिस्त्रीजी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करवत, पटाशी, रंधा यांच्या राज्यात बसलेले, साठी ओलांडलेले शीख गृहस्थ. सनबोर्डला ते लाकूड मानत नाहीत, कागद मानतात. आणि लेझर कटिंगवर त्यांचा राग नाही, फक्त कडेला जो काळा जळका रंग राहतो त्यावर आहे. “मशीन काटती है, फिर जलाती क्यों है?” मॉडेल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी पटाशीला धार लावायला बसवतात. त्यात अख्खी दुपार जाते. मुलं वैतागतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत. जी येतात त्यांना ते सांधा शिकवतात. करवत मनगटाने नाही, खांद्यापासून चालवायची. रेघेवर नाही, रेघेच्या बाहेरून कापायचं, रेघ पॉलिश पेपरला ठेवायची. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

मिस्त्रीजींचं दैवत एकच, ग्यानी रतनसिंग. कॉर्बुझिए आणि जानरेच्या ऑफिससाठी लाकडी मॉडेल्स बनवणारा माणूस. फेटा बांधलेला, विधानसभेच्या मॉडेलशेजारी उभा असा त्यांचा जुना फोटो आहे. मिस्त्रीजींचं म्हणणं असं की कॉर्बुझिएला आपली विधानसभा पहिल्यांदा हातात घेऊन बघता आली ती ग्यानीजींमुळे. कागदावर ती फक्त कॉर्बुझिएला कळत होती. यात अतिशयोक्ती असेल, पण मॉडेल करून पाहिलेल्या कुणालाही त्यातलं खरं कळेल.

एकदा खुर्च्यांचा विषय निघाला. जानरेच्या काळातल्या सागवान-वेताच्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पायांच्या खुर्च्या शहरभरच्या कचेऱ्यांत होत्या. मोडल्या, जुन्या झाल्या, म्हणून भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हा वारसा विकू नये असा आदेश काढला. खुर्ची खरी की नकली हे लिलावात कसं ओळखतात? कचेऱ्यांनी आपापल्या खुर्च्यांवर रंगाने घातलेला विभागाचा नंबर बघतात. हे सांगून मिस्त्रीजी थांबले, माझ्या मॉडेलचा एक खांब उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “कुर्सी पर दफ़्तर का नंबर है, पुत्तर. बनाने वाले का कहीं नहीं.” आवाजात तक्रार नव्हती. पण तेव्हापासून मी माझ्या शीटच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉककडे नीट बघते. माझं नाव, रोल नंबर, गाइडचं नाव, शीट क्रमांक. चौकटी तेवढ्याच छापलेल्या आहेत.

शिकवण्याचे पैसे ते घेत नाहीत. घरून आलेली शेंगाचटणी घेतात. सोलापुरी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मुळ्याच्या पराठ्याबरोबर खातात, आणि प्रत्येक वेळी हे लोणचं कशाचं म्हणून विचारतात. मी आता लोणचंच म्हणते.

तर ऋणनिर्देश. शेवटी एक मसुदा लिहिला. ‘अथक मार्गदर्शन’, ‘मोलाचं सहकार्य’, ‘सदैव ऋणी’ असं सगळं त्यात आलं, कारण लिहायला बसलं की तेच येतं. इंग्रजीत लिहिलं तरी तेच आलं, फक्त लांब झालं. मॅमनी वाचलं, पेन्सिल घेतली आणि विशेषणं एकेक करून खोडली. पानावर फक्त नावं उरली. मग प्रत्येक नावापुढे त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढलं. “इन्होंने किया क्या? वो लिखो.” हा एकच कागद त्यांनी टोपलीत टाकला नाही, माझाच होता म्हणून असेल.

आता पान असं आहे. स्ट्रक्चरच्या सरांनी जिन्याचा स्लॅब कशावर टेकतो ते विचारलं. इतिहासाच्या सरांनी बाकीच्या दहा महिन्यांविषयी विचारलं. चंब्याच्या एका बाईने आपलं पाकीट मोजू दिलं. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीजींनी छताचे सांधे शिकवले. मॅमच्या नावापुढे काय लिहायचं ते अजून ठरत नाही. ‘काढून दाखवलं आणि चुरगाळून टाकलं’ असं लिहिलंय, पण ते त्या ज्यूरीपर्यंत राहू देतील असं वाटत नाही.

मिस्त्रीजींचं पूर्ण नाव विचारायला गेले तेव्हा त्यांनी दोनदा स्पेलिंग सांगितलं, मग म्हणाले, नाव घाल किंवा नको घालू, पण मॉडेल इथेच ठेवून जा. पहिल्या वर्षाच्या पोरांना छताचा सांधा उलटा करून दाखवायला लागतो, आणि जुनं मॉडेल वाळवीने खाल्लंय. मी होकार दिला. एवीतेवी बार्शीपर्यंत नेण्याचा वाहतूकवाल्याने सांगितलेला दर लाकडाच्या किमतीहून जास्त होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. ज्यूरीच्या आधी पूर्वेकडचा एक खांब परत बसवायचाय. मी फेविकॉल काढला होता. ते म्हणाले फेविकॉल नको, खुंटी मार, आणि खुंटीसाठी शीशमचा तुकडा शोधायला आत गेले.